जुनी रायफल, फॅलो हरीण आणि आपलं ताट

ससेक्सकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात इथे इंग्लंडात एका मराठी स्नेह्याकडे जेवायला होतो. फॅलो हरणाच्या शिकारीसाठी जुनी रायफल घेतोय असं सहज बोलून गेलो आणि घास हातातच थांबले. ताटात कोंबडीचा रस्सा होता. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

फॅलोच्या अंगावर आपल्या चितळासारखे ठिपके असतात, नराची शिंगं मात्र पंजासारखी चपटी. नॉर्मन राजांनी अकराव्या शतकात हे हरीण इंग्लंडात वाढवलं. लिंक्स नावाचं रानमांजर आणि लांडगा इथून कधीच नाहीसे झाले, त्यामुळे आता त्याला खाणारं कुणी उरलं नाही. माझ्या घरामागे हेझल नावाच्या झुडपांचं रान आहे. हरणाचं तोंड पोचेल तिथवर हिरवं पान नाही. छाटलेल्या खोडांना कोंब फुटतात, बोटभर होण्याआधीच खुडले जातात. नाइटिंगेल पक्षी अशाच दाट झुडपात घरटं करतो. झुडूपच नाही तर तो येणार कुठून?

माझं म्हणणं सरळ आहे. मी मांस खातो. मग पत्र्याच्या शेडमध्ये सहा आठवडे काढलेली कोंबडी खाण्यापेक्षा रानात मोकळं जगलेलं आणि चरता चरता एका गोळीत गेलेलं जनावर खाणं मला जास्त योग्य वाटतं. आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. मी पाहिलेली रायफल पॉइंट २४३ची (हा गोळीचा व्यास, इंचात), बर्मिंगहॅमला बनलेली, चाळीसेक वर्षांची. किंमत ३५० पौंड. १९९१च्या डिअर अ‍ॅक्टप्रमाणे फॅलोसाठी किमान पॉइंट २४० इंच कॅलिबर, म्हणजे तोच व्यास, आणि गोळीला १,७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते, त्यात ती बसते. पोलिसांचा परवाना मिळालाय. ते घरी येऊन बंदुकीसाठी भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट बघून गेले, डॉक्टरांचा कागद घेतला, शिकारीची जमीन कुणाची तेही विचारलं.

तुम्हाला यात काय खटकतं, मोकळेपणाने लिहा.

आंबेमोहर

मला ‘३५० पौंड’ खटकलं.

मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. डुकरं एका रात्रीत भात लोळवायची, म्हणून वडील राखणीला बसत. एकदा बार झाला, डुक्कर पळालं. तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडलं. जबडा फुटलेला, त्यात अळ्या, आणि जिवंत. मी अकरा वर्षांची होते. वडिलांनी दुसऱ्या दिवशी बंदूक चौकीत नेऊन जमा केली, पुन्हा आणली नाही. पुढे डुकरांनी भात खाल्लं ते खाल्लं.

तुमचा कायदा नीट आहे, जंगलाचं दुखणं खरं आहे, मान्य. पण नवशिका माणूस, त्यात जुनी स्वस्त बंदूक. वाचवलेले पैसे कोण भरतं? ते हरीण भरतं. जंगल राखायचं तर पगारी, तरबेज माणसं आहेत. त्यांनी मारलेलं मांस विकत घ्या ना. कोंबडीचा प्रश्नही सुटला.

पितळी डबा

आंबेमोहर, मी इथे बारा वर्षं हरणं मारतोय. तुमची भीती खरी आहे, पण तुम्ही दोष चुकीच्या जागी ठेवलाय. चाळीस वर्षांची बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची रायफल, नीट सांभाळली असेल तर शंभर मीटरवर माझ्यापेक्षा चांगला नेम देते. जनावर जखमी होतं ते रायफलवरच्या स्वस्त दुर्बिणीमुळे, ती धरणाऱ्या सैल माउंटमुळे, आणि काडतुसं महाग म्हणून सराव न केल्यामुळे.

ससेक्सकर, तुम्हाला मात्र एक कुणी सांगितलेलं दिसत नाही. मांस घरच्यांना घालणार, म्हणजे शिशाचे बारीक तुकडे नकोत, म्हणजे तांब्याची गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या २४३च्या बॅरलचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा) संथ असला की लांब गोळी हवेत डगमगते. १०० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) घ्यायचा विचार असेल तर सोडा, ८०च्या आसपासची घ्या आणि कागदावर मारून बघा. सायलेन्सर हवा तर टोकाला आटे पाडावे लागतील, त्याचा खर्च वेगळा. ३५०ची रायफल ३५०ला पडत नाही.

लालमाती

संख्या कमी करायची तर माद्या माराव्या लागतात. शिकारी मात्र शिंगांसाठी नर मारतात आणि नाव जंगलाचं घेतात. तुम्ही माद्या मारणार असाल, तर पाडसाचं काय?

ससेक्सकर

लालमाती, मी मादीच मारणार आहे. इथे तिचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. पाडसं जूनमध्ये होतात, नोव्हेंबरात चरायला लागलेली असतात, पण आईमागे असतात. म्हणून आधी पाडसाला गोळी घालायची, मग आईला. हे लिहिताना माझा हात जड होतोय. पण उलट क्रमाने केलं तर ते पोर एकटं थंडीत फिरत राहतं.

आंबेमोहर, तुमच्या डुकरानंतर मी काय बोलणार? जे केलंय तेवढं सांगतो. एका जुन्या शिकाऱ्यासोबत दोनदा मचाणावर बसलो. दुसऱ्या वेळी पहाटे सत्तर मीटरवर मादी आली, आडवी उभी, अगदी हवी तशी. पण उभी होती टेकाडाच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ. गोळी अडवायला माती नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ती दहा मिनिटं चरली आणि गेली. आम्ही थर्मासमधला चहा पिऊन घरी आलो.

पितळी डबा, पिळाचं मला खरंच माहीत नव्हतं. पैसे देण्याआधी बॅरल तपासून घेतो. दुर्बीण नवीच घेणार, रायफलपेक्षा महाग पडली तरी.

आंबेमोहर

पाडसाचं वाचून जेवण गेलं नाही. तुम्ही खरं लिहिलंत, पण मला पटलेलं नाही.

तळहाताएवढ्या वर्तुळात दहापैकी दहा बसेपर्यंत कागदावरच मारा. पहिली मादी पडली की गोळी लागल्यावर किती पावलं धावली ते इथे लिहा. सापडली नाही, तर तेही लिहा.