शिडी किती फुटी घ्यायची
भाऊ, १२ फुटांच्या स्लॅबला १२ फुटी शिडी पुरेल का विचारलं न तुम्ही, नाही पुरत, शिडी तिरपी लागते. पाय भिंतीपासून ३ फूट ठेवले तर १२ चा वर्ग १४४ अधिक ३ चा वर्ग ९ म्हणजे १५३, वर्गमूळ साधारण १२.४, आणि वर स्लॅबवर उतरताना धरायला ३ फूट जास्त पाहिजेच, म्हणून १६ फुटीच घ्या. आमचं मानेवाड्याकडचं घर बांधताना मिस्त्रीनं कोपरा काटकोनात यावा म्हणून सुतळीवर एकीकडे ३ फुटांवर, दुसरीकडे ४ फुटांवर खूण केली अन् तिरपा टेप बरोबर ५ येईपर्यंत खुंटी सरकवत राहिला, अर्धा इंचही सोडला नाही, तेव्हा मला पायथागोरस खरा कळला. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी मोजायच्या जुन्या ग्रंथातही हे दोरीनंच सांगितलंय. प्लॉट ३० बाय ४० असेल तर दोन्ही कर्ण ५० भरतात का तेही मोजून घ्या.