मदत हवी आहे: एडवर्डियन काळातल्या श्रीमंत बाईचा पोशाख (तातडीचं)

रंगपट:
एकांकिका बसवतोय, प्रयोग १९ तारखेला. मुख्य पात्र लंडनमधल्या बड्या घरातली बाई. ड्रेपरीवाल्याने दिलेल्या गाउनचा घेर एवढा आहे की तिला खुर्चीत बसताच येत नाही. दोनच गोष्टी सांगा: कॉर्सेट कुठे मिळेल आणि टोपी केवढी हवी? कृपया लवकर.

कैरीचं_पन्हं:
तो पिंजऱ्यासारखा घेर म्हणजे क्रिनोलिन, १८५०-६० च्या सुमाराचं. एडवर्डियन म्हणजे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा काळ, १९०१ ते १९१०. तेव्हाचा स्कर्ट कमरेखाली चापून बसणारा आणि पायाशी कर्ण्यासारखा उमलणारा. तो गाउन आधी परत करा. नाटकातलं साल कोणतं?

सुईदोरा:
साल नंतर, आधी प्रवेशाची वेळ सांगा. या घरांतल्या बायका दिवसातून चार-पाचदा कपडे बदलायच्या. सकाळी कोट-स्कर्ट, दुपारी कानापर्यंत चढलेली ताठ कॉलर, पाचच्या चहाला सैलसर टी-गाउन, रात्रीच्या जेवणाला खोल गळा आणि कोपराच्या वर जाणारे हातमोजे. भर दुपारी खोल गळा दाखवलात तर सगळंच चुकलं. आणि बाई विवाहित आहे का?

रंगपट:
लग्नाचा काय संबंध? प्रवेश घरातच आहे, चहाला पाहुण्या येतात. टोपीचं सांगा ना कुणीतरी.

सुईदोरा:
संबंध आहे. टिआरा, म्हणजे केसांत घालायचा रत्नजडित मुकुट, लग्न झालेलीनेच घालायचा. राजदरबारात पहिल्यांदा सादर होतानासुद्धा कुमारिकेच्या केसांत दोन पिसं, विवाहितेच्या तीन. टोपीचं म्हणाल तर यजमानीण स्वतःच्या घरात टोपी घालत नाही. पाहुण्या मात्र टोपी डोक्यावर ठेवूनच चहा घेतात.

नऊवारी_जिंदाबाद:
विकत काही घेऊ नका. आम्ही कॉलेजात आजीच्या दोन पांढऱ्या वॉयलच्या साड्यांत सगळं बसवलं होतं. कळ्यांचा परकर बेततात तसाच स्कर्ट, फक्त कळ्या गुडघ्याखाली रुंद करत न्यायच्या. वर भरपूर लेस. दिव्यांखाली फार छान दिसतं, माझा अनुभव आहे.

डर्बीकर:
मी डर्बीजवळ राहते. इथल्या केडलस्टन हॉलमध्ये व्हाइसरॉयची बायको लेडी कर्झन हिचा मोरपिसांच्या नक्षीचा गाउन आहे, १९०३ च्या दिल्ली दरबारातला. जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाउसची, पिसांच्या डोळ्यांत भुंग्यांचे हिरवे पंख. वजन साधारण साडेचार किलो. आपल्याकडच्या हातांचं काम तिथे बघताना भरून आलं.

कैरीचं_पन्हं:
ताई, गाउन अप्रतिमच आहे, पण तो रात्रीच्या नाचाचा. यांना चहाचा हवाय.

डर्बीकर:
मान्य. पण श्रीमंती म्हणजे काय ते त्यावरून कळतं. आणि कुणाकडे जुनी जर असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलीत गुंडाळा.

फिजिओ_मुलुंड:
कॉर्सेट अजिबात नको. छाती पुढे आणि कंबर मागे ढकलणारा तो प्रकार पाठीची वाट लावतो.

सुईदोरा:
पण तो आरोग्यासाठीच निघाला होता! इनेस गाश-सारोत या वैद्यक शिकलेल्या फ्रेंच बाईने १९०० च्या सुमारास पुढून सरळ असलेला कॉर्सेट पुढे आणला, पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून.

फिजिओ_मुलुंड:
आणि बायकांनी तोही करकचून आवळला, पाठ वाकलीच ना? यांच्या नटीला संवाद म्हणायचेत. श्वास मोकळा हवा.

रंगपट:
वाद नको, दिवस थोडे आहेत. साल १९१०. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी राजा गेल्याची बातमी येते. दुसरा प्रवेश महिन्याभराने, बाई एस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीला निघते. याचा कपड्यांशी संबंध असेल असं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

सुईदोरा:
अहो, हेच तर आधी सांगायचं! एडवर्ड ६ मे १९१० ला गेला. त्या जूनमध्ये एस्कॉटला सगळं उच्चभ्रू मंडळ काळ्या कपड्यांत आलं, त्याला ब्लॅक एस्कॉटच म्हणतात. तेव्हा पहिल्या प्रवेशात फिकट टी-गाउन, दुसऱ्यात नखशिखांत काळं. शिवाय १९१० पर्यंत ती मागे ढकललेली कंबर मागे पडली होती. पॅरिसचा फॅशन डिझायनर पॉल प्वारे याच्या कपड्यांनी कंबर छातीखाली चढवली, गाउन सरळ पडू लागला. वरून दिसायला कॉर्सेट लागणारच नाही.

कैरीचं_पन्हं:
आणि तुमची टोपी दुसऱ्या प्रवेशात! खांद्यांएवढी रुंद करा. १९०७ मध्ये लंडनला 'द मेरी विडो' या संगीत नाटकात नटी लिली एल्सीने फॅशन डिझायनर ल्युसिलने बनवलेली मोठी टोपी घातली, तेव्हापासून तीच फॅशन. पिसं मात्र कागदाची किंवा कापडाची लावा. पिसांसाठी पक्षी मारतात म्हणून १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या बायकांनीच संस्था काढली होती.

नऊवारी_जिंदाबाद:
मग दुसऱ्याला काळी वॉयल घ्या, आणि कळ्या नकोत. सरळच बेता.

रंगपट:
बाई विवाहित आहे. दोन्ही गाउन सोमवारी बेततो. एवढी टोपी डोक्यावर राहील कशी?

कैरीचं_पन्हं:
अंबाडा फुगवून बांधा आणि हॅटपिन टोपीतून त्यात आरपार घाला. वीतभर लांब तरी हवी. टोकाला टोपण लावायला विसरू नका, शेजारी उभ्या असलेल्या नटाच्या डोळ्याला लागेल.