मदत हवी आहे: उर्दू जि. प. शाळेच्या समितीवर आहे, 'आपली समिती फक्त सल्ल्यापुरती' हे खरं का?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी,

शाळेचे कायदे, जिल्हा परिषदेचा कारभार यातलं कळणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. लिहिणं थोडं लांबणार आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही तशीच येतील.

मी दापोली तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत. वरच्या वाडीत मराठी, खाली मोहल्ल्यात उर्दू, पहिली ते पाचवी. उर्दू शाळेच्या व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी लागतो, तिथे माझं नाव गेलं. मला उर्दू वाचता येत नाही. मोहल्ल्यात घरोघरी कोकणीच बोलतात, त्यामुळे बोलणं अडत नाही, पण इतिवृत्ताची वही उघडली की मी अडाणी.

समितीच्या अध्यक्ष चौथीतल्या एका मुलीच्या आई आहेत. पण सभा चालवतात आमच्या भागातले एक पुढारी, सगळे त्यांना भाई म्हणतात. पूर्वी पंचायत समितीवर होते, जमातीत त्यांच्या शब्दाला मान आहे. शाळेचे पंखे, पाण्याची टाकी, छपराचे पत्रे हे सगळं मुंबई मंडळाकडून, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून, त्यांनीच आणलं, ते नाकारत नाही. समितीत ते 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून आहेत. त्यांच्या घरचं कुणी या शाळेत शिकत नाही. आणि तालुक्याच्या गावी एका अल्पसंख्याक संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिचेही ते विश्वस्त आहेत.

आता अडचण. शाळेत दोन शिक्षकांची पदं. एक सर आंतरजिल्हा बदलीने गेले, जागा रिकामीच आहे. पाचही वर्ग एका मॅडमच्या अंगावर. पहिली-दुसरी व्हरांड्यात, बाकीची आत, आणि मॅडम उंबऱ्यात उभ्या राहून दोन्हीकडे शिकवतात. तालुक्याहून 'आज दुपारपर्यंत माहिती भरा' असा मेसेज आला की रेंजसाठी त्यांना जेटीपर्यंत जावं लागतं. तेवढा वेळ पाचवीतली एक पोरगी काठी हातात घेऊन लहान मुलांकडून पाढे म्हणून घेते. पोरगी हुशार आहे, पण तिचा स्वतःचा अभ्यास कोण घेणार?

मागच्या सभेत भाईंनी विषय काढला. शिक्षक काही येत नाही, मुलांचं नुकसान होतंय, तर जूनपासून सगळ्यांना संस्थेच्या शाळेत पाठवू, गाडी संस्था देईल, समितीने फक्त 'हरकत नाही' असा ठराव करावा. मी म्हटलं, आधी शिक्षकाची लेखी मागणी करू. त्यावर ते म्हणाले, "आपण अल्पसंख्याक. कायद्याने आपल्या समितीला फक्त सल्ला द्यायचा अधिकार. मागण्या-बिगण्या करून काही होत नाही." मोबाइलवर कलमही दाखवलं, आणि खरंच तसं लिहिलेलं होतं! मग उर्दूत लिहिलेला ठराव सहीला पुढे केला. मी सही केलेली नाही, पुढच्या सभेत बघू म्हटलंय.

तर, ते कलम आम्हाला लागू आहे का? आणि न वाचता येणाऱ्या ठरावाचं मी काय करायचं? मी मोहल्ल्यातली नाही, त्यामुळे फार ताणलं तर 'वरच्या वाडीतली बाई आमच्या शाळेत लुडबुड करते' असं व्हायला वेळ लागणार नाही. तेही लक्षात घेऊन सांगा.

---

माजी केंद्रप्रमुख

ताई, सही केली नाहीत हे उत्तम.

भाईंनी दाखवलेलं कलम खरं आहे, पण ते दुसऱ्या प्रकारच्या शाळांसाठी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने अशी भर पडली की अल्पसंख्याकांनी, धर्माच्या असोत वा भाषेच्या, स्थापन केलेल्या आणि चालवलेल्या शाळांत, तसंच इतर अनुदानित शाळांत, समितीचं काम सल्ल्यापुरतं राहील. तुमची शाळा स्थापन कुणी केली? जिल्हा परिषदेने. चालवतं कोण? जिल्हा परिषद. माध्यम उर्दू आणि मुलं मुसलमान म्हणून ती घटनेच्या अनुच्छेद ३० मधली अल्पसंख्याक संस्था होत नाही. तो हक्क संस्था काढणाऱ्याचा असतो. नोकरीत असताना हा घोळ मी कितीदा निस्तरला. मुख्याध्यापकांनासुद्धा फरक माहीत नसायचा.

म्हणजे तुमच्या समितीला पूर्ण कामं आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेलं अनुदान कशावर खर्च झालं ते बघणं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पटावर ठरतं, तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, त्यापुढे शंभरपर्यंत २५,०००, आणि त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा. रक्कम लहान आहे, पण हिशेब विचारायचा हक्क तुमचाच.

रचना अशी: ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांतूनच. उरलेल्या जागांत स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला सदस्य, म्हणजे तुम्ही, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि शिक्षणतज्ज्ञ. तज्ज्ञ कोण हे समितीतले पालक ठरवतात. दोन वर्षांनी समिती नव्याने होते. तेव्हा भाईंची खुर्ची पालकांच्या हातात आहे, हे अध्यक्षबाईंना शांतपणे समजावून सांगा. भाईंना नको.

आता खरी मेख. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. जूनमध्ये मुलं गेली की सप्टेंबरात पट नाही, पट नाही म्हणजे पद नाही. आज तुमच्याकडे 'रिक्त पद' आहे, त्यासाठी भांडता येतं. पदच गेलं तर भांडायला जागा राहत नाही. कोणत्या पालकाने मूल कुठे घालावं हा त्याचा प्रश्न, दाखला तो स्वतःच्या अर्जावर घेईल. समितीने सामुदायिक नाहरकत देण्याचं काहीच कारण नाही. तो कागद उद्या कुठल्या फायलीला जोडला जाईल ते सांगता येत नाही.

---

सरळमार्गी

एक भाबडा प्रश्न. घरी कोकणी बोलतात, मग उर्दू शाळा हवीच कशाला? वरच्या मराठी शाळेत घाला, तिचाही पट वाढेल. एका गावात दोन शाळांचा खर्च कशासाठी?

---

खाडीकाठची

@सरळमार्गी, हा प्रश्न आमच्या ग्रामसभेतही येतो. पालकांना उर्दू हवी आहे, आजोबा-पणजोबांपासून ते त्याच शाळेत शिकले, आणि मराठी तिथेही शिकवतातच. मराठीच्या सक्तीचा २०२० चा कायदा सगळ्या माध्यमांना लागू आहे. माझ्या शेजारणीचा मुलगा त्याच शाळेतून निघाला आणि आज पंचायतीतले सगळे अर्ज मराठीत तोच लिहून देतो. कोणती शाळा असावी हा या धाग्याचा विषय नाही, कृपया तिकडे नेऊ नका.

@माजी केंद्रप्रमुख, पट आणि पदाचं हे गणित मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

---

कारवारी

तुमच्या भाषेच्या अडचणीवर आमच्याकडचा उपाय सांगतो. मी कारवारचा. इथे अल्पसंख्याक भाषा म्हणजे आपली मराठी! उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, इथल्या मराठी शाळांची मुळं त्या काळातली. शाळेच्या समितीला इकडे एसडीएमसी म्हणतात. वरून येणारे कागद कानडी, पालक मराठी-कोंकणी बोलणारे, आणि समितीत एखादा सदस्य असा असतोच की ज्याला मराठी वाचता येत नाही.

आम्ही वहीत डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर कानडी लिहितो. सह्यांआधी दोन्ही पानं मोठ्याने वाचायची, मग दोन्हीखाली सह्या. सुरुवातीला लोक वैतागले, आता सवय झाली. तुम्ही हे 'मला कळत नाही म्हणून' असं मागू नका. तालुक्याला पाठवायचा ठराव मराठीत लागणारच, मग तो वहीतही मराठीत असू दे, असं मांडा. कुणाला लागणार नाही.

---

ॲड. सागरतीर

केंद्रप्रमुखांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात ठरवलं की अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायदाच लागू नाही. १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच. तात्पर्य, भाई विश्वस्त आहेत त्या शाळेबद्दल हा वाद चालू आहे. तुमच्या जि. प. शाळेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

हत्यारं दोन. कलम २६: मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिक्त ठेवायची नाहीत. कलम ३२: बालकाच्या हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. शिवाय कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्वच्छ लिहिलंय.

भाईंवर आरोप करू नका. इतिवृत्तात एवढंच नोंदवा की ज्या शाळेत मुलं न्यायची सूचना आहे तिचे ते विश्वस्त आहेत. खरी गोष्ट आहे, त्यांना नाकारता येणार नाही.

---

परभणीकर

मी रत्नागिरी जिल्ह्यात उर्दू शाळेवर शिक्षक आहे, म्हणून आमचीही बाजू. बदली मागतो म्हणून आम्हाला नावं ठेवतात. आईवडील परभणीला, बायको तिकडे नोकरीला, इकडे भाड्याची खोली मिळताना 'एकटा आहे' म्हणून नकार. गावाकडे जायचं तर एसटी, मग रेल्वे, मग परत एसटी. पहिल्या पावसाळ्यात माझी पुस्तकं बुरशीने गेली, तरी पोरांसाठी राहिलो. पण कायम कोण राहणार?

समित्यांनी पुढाऱ्यांकडून पंखे घेण्यापेक्षा दोन गोष्टी मागाव्यात. एक, येणाऱ्या शिक्षकाला मोहल्ल्यात धड खोली. आखातातल्या लोकांची घरं वर्षभर कुलूपबंद असतात, एखादं उघडून द्या की. दुसरी, मोहल्ल्यातल्याच बारावी झालेल्या पोरींना डी.एड. आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, यासाठी मदत. टीईटी उर्दूतूनही देता येते. इथली मुलगी लागली तर ती बदली कशाला मागेल? मंडळाचा पैसा गाडीत घालण्याऐवजी यात घाला.

तोपर्यंत शेजारच्या उर्दू शाळेतून आठवड्यातले काही दिवस कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, शिक्षक मागा. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर होतं.

---

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. आता पुढचं ऐका.

काल अध्यक्षबाईंकडे गेले होते. त्यांना म्हटलं, तो ठराव मला वाचून दाखवा. त्या उर्दू झरझर वाचतात. पहिल्या ओळीत शिक्षक नाही, मुलांचं नुकसान वगैरे होतं. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या आणि परत वाचलं. 'मुलांना इतर शाळेत जाण्यास हरकत नाही' असं सभेत सांगितलं होतं. कागदावर होतं 'पट शून्य झाल्यास शाळा बंद करण्यास समितीची हरकत नाही'. त्यांची सही त्यावर आधीच होती. "वाचायला दिलंच नव्हतं, बोट ठेवून इथे सही म्हणाले," असं म्हणाल्या. भाईंनी मुद्दाम केलं की लिहिणाऱ्याने आपल्या मनाने घातलं, मला माहीत नाही आणि अंदाजही करायचा नाही.

तज्ज्ञाची निवड पालक करतात हे सांगितल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "ते मी बघते, तुम्ही त्यात पडू नका." मलाही तेच बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पालकसभा ठेवतोय. शिक्षकाच्या मागणीचा नवा ठराव दोन्ही भाषांत, आणि जुना ठराव मंजूर नाही अशी नोंद. खोलीचंही एका बाईंनी कबूल केलंय, त्यांचं माडीवरचं दालन रिकामं आहे. आता एकच विचारायचं आहे, मागणीचं पत्र नेमकं कुणाला आणि कसं द्यायचं?

---

माजी केंद्रप्रमुख

पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना. सही अध्यक्षबाईंची, पालकांच्या सह्यांचा कागद मागे जोडा. मॅडमना सहीत ओढू नका, त्यांना त्याच कार्यालयात काम करायचंय. आणि हो, तुमचं नाव पहिल्या पानावर नको. ग्रामपंचायतीचा वेगळा ठराव करून तो सोबत जोडा, म्हणजे लुडबुडीचा प्रश्नच येत नाही.

मजकूर एका पानाचा ठेवा: मंजूर पदं किती, कार्यरत किती, रिक्त कधीपासून, वर्ग किती, परिशिष्टाप्रमाणे किती शिक्षक हवेत, कायम नियुक्ती होईपर्यंत कामगिरीवर शिक्षक द्यावा. अल्पसंख्याक, अन्याय, भेदभाव हे शब्द पहिल्या पत्रात नकोत, रिक्त पदाचा साधा विषय म्हणून जाऊ दे. ३० सप्टेंबरच्या आत उत्तर यायला हवं, म्हणून मे महिन्याची वाट बघू नका. आणि पोच घेताना नुसता शिक्का घेऊन परत फिरू नका, आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या. कलम ३२ ची तक्रार करायची वेळ आली तर तिचीही पोच अशीच घ्या, तीन महिने त्या तक्रारीच्या तारखेपासून मोजता येतील.