मोलिएर खरोखर रंगमंचावरच वारला का?

गोदाकाठ, परभणी
सर्वांना नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळासाठी मी फ्रेंच विनोदी नट आणि नाटककार मोलिएर याच्यावर एकांकिका लिहीत आहे. आजाऱ्याचे सोंग वठवता वठवता तो रंगमंचावरच गतप्राण झाला, असे आजवर ऐकत आलो असून दिग्दर्शकांनाही खुर्चीतला मृत्यू आणि त्यावर पडदा, असाच शेवट हवा आहे. मुलांच्या तोंडी खोटे घालावेसे वाटत नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

जुना प्रेक्षक, छत्रपती संभाजीनगर
तो रंगमंचावर वारला नाही, मात्र दंतकथा सत्यापासून फार लांबही नाही. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी पॅरिसच्या पॅले-रोयाल नाट्यगृहात त्याच्याच ‘ल मालाद इमाजिनेर’ (‘काल्पनिक रोगी’) या नाटकाचा चौथा प्रयोग होता आणि आपण आजारी आहोत अशी समजूत करून घेतलेल्या आर्गांची भूमिका छातीच्या विकाराने खरोखर जर्जर झालेला मोलिएर करीत होता. प्रयोग रद्द करा, अशी विनवणी झाली तेव्हा रोजंदारीवरच्या पन्नास गरिबांचे आज काय होईल, असे त्याने विचारल्याचे १७०५ साली चरित्र लिहिणाऱ्या ग्रिमारेने नोंदवले आहे. शेवटच्या प्रवेशात आर्गांला मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये वैद्यकीची दीक्षा देतात; तिथे ‘ज्यूरो’, म्हणजे ‘शपथ घेतो’, म्हणताना त्याला झटका आला आणि तो त्याने हसण्याखाली लपवला. प्रयोग पुरा झाला. रिशल्यू रस्त्यावरच्या घरी खोकल्याच्या उबळीने रक्तस्राव होऊन त्याच रात्री तो गेला. प्रयोगात तो ज्या खुर्चीत बसला होता ती आजही कॉमेदी-फ्रान्सेझ या पॅरिसच्या नाट्यसंस्थेने जपली आहे.

विंगेतला, अंबाजोगाई
वरील माहितीत एवढीच भर घालतो की खरे नाट्य मृत्यूनंतरचे आहे. नटाने आपला पेशा सोडल्याचे पाद्र्यासमोर कबूल केल्याशिवाय त्याला धर्मविधीने मूठमाती मिळत नसे. बोलावलेल्या दोन पाद्र्यांनी येण्यास नकार दिला आणि तिसरा पोहोचला तेव्हा सारे संपले होते. पत्नी आर्मांद हिने राजा चौदाव्या लुईपुढे पदर पसरला, तेव्हा कुठे २१ फेब्रुवारीच्या रात्री, अंधारात आणि गाजावाजा न करता, दफन झाले. ज्याने ‘तार्त्युफ’ या नाटकामध्ये धर्माचे ढोंग उघडे पाडले आणि त्यापायी १६६४ पासून पाच वर्षे बंदी सोसली, त्याच्या वाट्याला हे आले. नाथांच्या पैठणपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना सोंगातून सुनावलेले खडे बोल नवे नाहीत. पण सोंग घेणाऱ्याला मातीही नाकारायची, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

हौशी नट, नांदेड
माझे मत थोडे वेगळे आहे. सुरुवातीची वर्षे वगळू नका. राजाच्या गादी-पडदे कारागिराचा हा मुलगा वडिलांचा मानाचा धंदा सोडून १६४३ मध्ये नाटकमंडळी काढतो, १६४५ मध्ये कर्जापायी तुरुंगात जातो आणि मग तेरा वर्षे गावोगाव फिरून १६५८ मध्ये राजासमोर उभा राहतो. तिथे कोर्नेय या नाटककाराच्या गंभीर नाटकावर दरबार फारसा रीझला नाही. पाठोपाठ केलेल्या छोट्या प्रहसनाने बाजी मारली. आचार्य अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ त्याच्याच ‘लाव्हार’ (‘कंजूष’) या नाटकावर बेतलेले आहे, ही ओळख मुलांना लगेच पटेल.

गोदाकाठ, परभणी
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. शेवट बदलतो: ‘शपथ घेतो’ म्हणताना आलेली उबळ, तिच्यावर ओढलेले हसू, आणि मग रिकामी खुर्ची. दिग्दर्शक कुरकुरतील, त्यांना विंगेतल्या मित्रांचा प्रतिसाद वाचून दाखवतो. प्राचार्यांच्या दालनातली हातांची जुनी खुर्ची मिळते का, तेही उद्या विचारून पाहतो.