मदत हवी आहे: निवती रॉकवरचे सुरय आणि भोवतालचे डॉल्फिन, दरवर्षीची नोंद कशी ठेवावी?

खारेवारे

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंधुदुर्गातल्या परुळे, भोगवे, निवती या पट्ट्यातली काही माणसं आहोत. त्यात शिक्षक आहेत, होडीवाले आहेत आणि पक्षी बघायची गोडी लागलेली कॉलेजची मुलंही आहेत. निवती रॉकवर वीण करणारे सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी आणि किनारा ते रॉक या पाण्यात दिसणारे डॉल्फिन यांची दरवर्षी एकाच पद्धतीने नोंद ठेवायची असं आम्ही ठरवलंय. पुढे कुणी विचारलं की पक्षी वाढले का घटले, तर छातीठोक उत्तर देता आलं पाहिजे. पण पद्धत कोणती, इथेच घोडं अडलंय.

जागा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नकाशावर निवती रॉकला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. उघड्या समुद्रातला खडकांचा पुंजका, त्यातल्या एकावर दीपगृह. उतरायला धड जागा नाही. होडी लाटेबरोबर वर येते त्या क्षणी खडकावर पाय टाकावा लागतो. गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. थुंकीत शेवाळ, पिसं मिसळून केलेल्या त्यांच्या घरट्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने इथे संरक्षणाचं मोलाचं काम केलं, त्यामुळे पाकोळ्यांकडे लोकांचं लक्ष गेलं.

सुरयांच्या वाट्याला तेवढं लक्ष आलं नाही. पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम १८७० च्या दशकात इथे येऊन गेले, हुमायून अब्दुलअलींनी १९४० च्या दशकात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जर्नलमध्ये इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं, नंतरही अधूनमधून अभ्यासक येत राहिले. आम्हाला मात्र सलग मालिका उभी करायची आहे.

आत्ताच का, तर नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळावर ठेवून पाण्याखालचं पर्यटन सुरू करण्याची सरकारची योजना आहे. होड्यांची वर्दळ वाढणार हे उघड आहे. गावातल्या पोरांना काम मिळेल, ते मिळायलाच हवं. पण वर्दळीआधीची स्थिती लिहून ठेवली नाही, तर नंतर 'पूर्वी इथे पक्षी पुष्कळ होते' एवढंच म्हणत बसावं लागेल.

मोठी अडचण हंगामाची. सुरयांची वीण उन्हाळ्याच्या अखेरीला सुरू होते आणि पावसातही चालू राहते. म्हणजे नेमकं बघायचं तेव्हा समुद्र खवळलेला आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. शिवाय इथे मुख्यतः दोन प्रकारचे सुरय आहेत. ग्रेटर क्रेस्टेड टर्न उघड्या कातळावर दाटीवाटीने बसतो, तो लांबूनही दिसतो. ब्रायडल्ड टर्न कपारीत अंडं घालतो. होडीतून पाहिलं तर कपारीच्या तोंडाशी एखादा उभा दिसतो, गडद पाठ आणि डोळ्याच्या मागपर्यंत गेलेली पांढरी भुवई. आत किती आहेत ते कसं कळणार? आणि मोजायला म्हणून खडकावर चढलो तर आपणच त्यांची वीण मोडायचो, ही धास्ती आहे.

डॉल्फिनचा प्रश्न वेगळा. दिसतात तर वर्षभर. पण एकाच कळपाला तीन होड्यांनी तीनदा मोजलं तर त्या आकड्याला काय अर्थ?

ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पैसा फारसा नाही, माणसं आणि होड्या आहेत.

नीलमोहर

चांगलं काम हाती घेताय. तुमची धास्ती रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वीण चालू असताना वसाहतीत उतरू नका. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या कातळावर अंडं असतं. पक्षी त्यावर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. तुम्ही वर चढलात की सगळी वसाहत एकदम उठते, अंडी आणि कोवळी पिल्लं उघडी पडतात. थोड्या वेळातच ती उन्हाने जातात, नाहीतर कावळे उचलतात. थोडी मोठी झालेली पिल्लं घाबरून पळत सुटतात आणि कड्यावरून खाली पडू शकतात.

दोन्ही सुरयांना एकच मोजपट्टी लावू नका. ग्रेटर क्रेस्टेड टर्नसाठी होडीतून फोटो हा उत्तम मार्ग आहे. बेटाभोवती चार-पाच थांबे ठरवा आणि त्यांचे जीपीएस बिंदू लिहून ठेवा. दरवर्षी त्याच थांब्यांवरून, त्याच वेळेला, एकावर एक थोडे चढतील असे फोटो घ्या. मोजणी घरी, मोठ्या पडद्यावर. उभे पक्षी सोडून द्यायचे, बसलेलेच मोजायचे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं, एकमेकांचा आकडा आधी बघायचा नाही. दोन आकड्यांत फरक येईल. तो पुसू नका, दोन्ही लिहा. तो फरक म्हणजे तुमच्या मोजणीची चूक किती असू शकते याचं माप आहे.

ब्रायडल्डच्या बाबतीत एकूण संख्येचा नाद सोडा. मिळणार नाही, आणि ओढूनताणून काढलेला आकडा फसवा असेल. त्याऐवजी निर्देशांक ठरवा. संध्याकाळी दिवस मावळायच्या आधीचा एक तास, ठरलेल्या एका थांब्यावर होडी उभी करून बेटाकडे परतणारे पक्षी मोजायचे. दरवर्षी त्याच पंधरवड्यात, दोन-तीन संध्याकाळी. किती जोड्या आहेत हे त्यावरून कळणार नाही, पण पाच-सात वर्षांत चढ-उतार कळेल. जोडीला, पक्षी नसतात त्या हिवाळ्यात एकदा रीतसर परवानगीने उतरून कपारींचे मोजके तुकडे आखून ठेवा. पुढे कधी जाणकार माणूस बरोबर असेल तर तेवढेच तुकडे एका फेरीत तपासता येतील.

भोगवेकर

मी होडीवालो, म्हणान दर्याचा सांगतंय. मेच्या अखेरीक वारो फिरलो काय खडपार पाय ठेवूक गावणा नाय, फोटो काढूचो तर इचारच सोडा. एप्रिल-मे मधीच काय ता उरकून घेवा. सकाळचो दर्या निवांत असता, दुपारसून वारो चढता आणि होडी अशी हालता की कॅमेऱ्यात फकस्त आभाळ येता. संध्याकाळची मोजणी करूची तर मागे येताना काळोख होतलो, दोन होडये व्हये, एका होडयेन जावचा नाय. आणि एक. इंजिनाचो आवाज एकसारखो ऱ्हवलो तर पक्षी उठणत नाय. बाजूक जावन एकदम बंद करून परत चालू केलास की सगळे उठतत. लांबसूनच गती कमी करीत जावा.

नीलमोहर

भोगवेकर दादा, इंजिनाचं हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहायला हवं. पक्षी उठायला लागले तेव्हा होडी किती लांब होती हेही प्रत्येक वेळी टिपा. उद्या पर्यटनाच्या होड्यांनी किती अंतर राखावं असा प्रश्न आला, तर तुमच्याच खडकावरचा पुरावा हाताशी असेल.

खारेवारे

फार उपयोगी पडतंय. ड्रोनचं काय? एका मुलाकडे आहे. आणि पावसाळ्याचे महिने कोरेच सोडायचे का?

नीलमोहर

ड्रोनला कपारीतलं दिसत नाही, म्हणजे ब्रायडल्डसाठी तो कुचकामी. उघड्यावरच्या वसाहतीसाठी चालेल, पण समुद्री गरुडाची सावली पडल्यागत सुरय उठतात, आणि परवानग्यांचं लचांड वेगळंच. फोटोंनी भागतंय तोवर मी ड्रोन बाहेर काढणार नाही.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी. पक्षी यायच्या आधी एखादा टाइमलॅप्स कॅमेरा आणि आवाज टिपणारं यंत्र दीपगृहाच्या बांधकामाला पक्कं बसवायचं. दीपगृह खात्याची परवानगी लागेल, वन विभागालाही विश्वासात घ्या. दिवसा तासाला एक फोटो पुरे. खारं पाणी यंत्राची वाट लावतं, तेव्हा सगळं बंद डब्यात, सिलिका जेल भरून. ऑगस्टनंतर जाऊन कार्ड काढायचं. कॅमेरा जुलैत बंद पडला असेल तर कोणत्या तारखेला पडला ते लिहायचं.

दुसरी गोष्ट फुकटातली आहे आणि मला तीच जास्त आवडते. पावसाळ्यात किनारा चाला. वादळी वाऱ्याने थकलेले किंवा मेलेले समुद्रपक्षी कोकणच्या वाळूवर येऊन पडतात. सुरय असतात, कधी बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षीही असतात. भोगव्याचा किनारा घ्या, ठरलेल्या टोकापासून ठरलेल्या टोकापर्यंत, ठरलेल्या वारी. ज्या दिवशी काहीच मिळालं नाही त्या दिवशी शून्य लिहा. शून्यं नसलेल्या वहीला अभ्यासात किंमत नाही. मेलेला डॉल्फिन किंवा कासव दिसलं तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि लगेच वन विभागाला कळवा, हात लावू नका.

सातासमुद्रापार

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. इथून पश्चिमेला साधारण ४५ किलोमीटरवर फॅरेलॉन बेटं आहेत, आणि तुमचा प्रश्न वाचताना तीच डोळ्यांसमोर आली. १९०९ मध्ये तिथे राखीव क्षेत्र झालं. त्याआधी सोन्याच्या शोधात आलेल्यांनी भरलेल्या या शहराला खायला मर या पक्ष्याची अंडी तिथून लाखांनी आणली जात, आणि वसाहत जवळजवळ उजाड झाली होती. १९६८ पासून तिथे पक्ष्यांची आणि सीलची नोंद अखंड चालू आहे. पॉइंट ब्लू ही संस्था सरकारच्या वन्यजीव खात्याबरोबर ती ठेवते.

आपल्यासारख्यांना बेटावर उतरू देत नाहीत, होडीतूनच बघायचं. अभ्यासकसुद्धा मर पक्ष्यांच्या वसाहतीत शिरत नाहीत. लाकडी आडोशात बसून ठरलेल्या तुकड्यांवर नजर ठेवतात, कारण पक्षी उठला की गल (कुरव पक्षी) अंडं पळवतात. एलिफंट सील तिथून शिकारीमुळे नाहीसे झाले होते. ते परतले आणि १९७२ मध्ये तिथे पुन्हा पहिलं पिल्लू जन्मलं, हे तारखेनिशी सांगता येतं कारण तेव्हा नोंद ठेवणारी माणसं बेटावर होती. २००५ मध्ये कॅसिन्स ऑकलेट या छोट्या पक्ष्याची वीण पार फसली. तो क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खातो, आणि त्या वर्षी समुद्रात क्रिल मिळेना. आधीच्या तीन-साडेतीन दशकांच्या वह्या होत्या म्हणूनच हे नेहमीचं वाईट वर्ष नाही हे लगेच लक्षात आलं.

त्यांच्याकडे पैसा आहे, बेटावर राहायची सोय आहे, ती बरोबरी करता येणार नाही. पण पद्धत न बदलणं याला पैसा लागत नाही. सुरुवातीला थोडंच निवडा, पण निवडलेलं सोडू नका.

आणखी जवळचं उदाहरण लक्षद्वीपचं. कवरत्तीजवळचं पिट्टी हे जेमतेम सव्वा हेक्टरचं बेट. तिथे सूटी टर्न, ब्राउन नॉडी, ग्रेटर क्रेस्टेड टर्न वीण करतात, आणि आता ते पक्ष्यांसाठी राखीव आहे. तिथल्या वन विभागाशी पत्रव्यवहार करून बघा.

काठाकाठाने

डॉल्फिनबद्दल मी लिहितो, पक्ष्यांचं वरच्या मंडळींनी छान सांगितलंय.

आधी एक गाठ सोडवू. रॉक आणि डॉल्फिन ही दोन वेगळी कामं आहेत. किनाऱ्यावर रोज दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यातला, खाडीच्या तोंडाशी आणि रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) आसपास घुटमळणारा. जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे. आधी लांब चोच वर येते, मग पाठीचा उंचवटा आणि त्यावर बसवलेला छोटा पर (फिन). त्याच्यासाठी रॉकपर्यंत जायची गरज नाही. रॉककडे जाता-येता दिसेल ते मात्र नक्की टिपा. २०१५ मध्ये कोकण सिटेशियन रिसर्च टीमला कुणकेश्वरच्या समुद्रात ब्लू व्हेल दिसला होता, तेव्हा बाहेरच्या पाण्यात काय निघेल सांगता येत नाही.

तीनदा मोजणीचा प्रश्न दोन प्रकारे सुटतो. एक म्हणजे किती डॉल्फिन दिसले याआधी किती शोधलं ते लिहा. होडी कधी सुटली, कुठून कुठे गेली, किती वेळ डोळे पाण्यावर होते, समुद्र कसा होता. मोबाइलवर जीपीएस मार्ग चालू ठेवला की निम्मं काम झालं. पांढऱ्या फेसाचे घोडे दिसायला लागले की मोजणी थांबवा, कारण त्या पाण्यात आपल्याकडचा पॉरपॉइज (डॉल्फिनचा छोटा भाऊबंद) तर मुळीच दिसत नाही. त्याला पाठीवर परच नसतो, काळसर पाठ क्षणभर वर येते आणि जाते. तशा दिवशी 'दिसला नाही' या नोंदीतून काहीच कळत नाही.

दुसरा प्रकार फोटोंचा. पराच्या मागच्या कडेला खाचा, कापलेले कोपरे, ओरखडे असतात. त्यावरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. पराला काटकोनात, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. ओळख पटली की तोच कळप तीन होड्यांनी पाहिला तरी बिघडत नाही, उलट तो कुठून कुठे गेला ते कळतं. होडी कळपाच्या मधून घालू नका, पाठलाग करू नका. बाजूने, त्यांच्याच वेगाने.

आणि निवतीच्या किल्ल्यावरून बघायला विसरू नका. उंचावरून, सकाळच्या शांत पाण्यात, ठरलेला वेळ दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे पाणी चाळायचं. होडीचा खर्च नाही आणि डॉल्फिनना त्रासही नाही. कॉलेजच्या मुलांना इथूनच सुरुवात करू द्या.

होडीवाल्यांना एक जरूर सांगा. जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर राज्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी फोटो लागतात. लोकांना हे माहीत असलं की अडकलेल्या प्राण्यांची खरी माहिती पुढे यायला लागते, नाहीतर भीतीपोटी कुणी बोलत नाही.

खारेवारे

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आमची बैठक झाली, सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले.

यंदा ठरलंय ते असं: एप्रिल-मेमध्ये दोन होड्या घेऊन क्रेस्टेड टर्नचे फोटो आणि ब्रायडल्डची संध्याकाळची मोजणी. भोगवेकर दादांनी होड्यांची जबाबदारी घेतली आहे, हवा बघून जायचं की नाही हा शब्द त्यांचाच अखेरचा. डॉल्फिनसाठी किल्ल्यावरची पाळी मुलांनी वाटून घेतली. जूनपासून भोगव्याचा किनारा. वीण चालू असताना रॉकवर कुणीही उतरायचं नाही. कॅमेरा आणि आवाजाचं यंत्र पुढच्या वर्षावर ढकललं, आधी परवानग्यांचे अर्ज जाऊ देत.

अजून दोन गोष्टी हव्या आहेत. ४०० मिमी किंवा त्याहून मोठी लेन्स असलेलं कुणी एप्रिलमध्ये चार दिवस येऊ शकेल का? राहायची-जेवायची सोय आमच्याकडे. आणि फोटोंतले पक्षी मोजायला गावाबाहेरची, आमचे आकडे न पाहिलेली दोन माणसं हवीत. ते काम घरबसल्या होईल. जमत असेल त्यांनी इथेच कळवा.