खाणं सोडलेल्या मुलीला बसून जेवू घालावं, की तिच्या मनावर सोडावं?

उदगीरची आई: माझी लेक सोळा वर्षांची. लातुरात होस्टेलवर राहून नीटची तयारी करत होती. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून बसलेली दिसली, हात बर्फासारखे. मेसचा डबा ती शेजारच्या पोरींना देऊन टाकायची. चार महिने पाळी नव्हती, तेही बोलली नाही. आम्ही आधी दृष्ट काढली, मग टॉनिक आणलं. मनोविकारतज्ज्ञांनी अॅनोरेक्सिया सांगितला, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणं तोडायला लावणारा मनाचा आजार. म्हणाले, क्लास बंद करा, घरी न्या, काय आणि किती खायचं ते काही महिने तुम्हीच ठरवा. मी तेच करतेय. घरचे म्हणतात, पोरीचा छळ मांडलाय. तुमचं काय मत?

परभणीचे गुरुजी: ताई, राग मानू नका, पण घरचे बरोबर आहेत. सगळं घर ताट घेऊन मागे लागलं की लेकरू लपवाछपवी शिकतं. क्लास तुम्ही निवडला, शाखा तुम्ही निवडली. तिच्या हातात एक घास उरला होता. तोही काढून घेता? आधी तिच्याशी बोला.

माजलगावचा शेतकरी: आमच्याकडं ऊसतोडीला गेलेल्या लेकरांना धड खायला मिळत नाही. ही पैसेवाल्यांची दुखणी.

अंबाजोगाईची सिस्टर: दादा, भूक आणि हा आजार वेगळे. मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, चतुर्थी यांच्याआड तो गरिबाघरीही लपतो, म्हणून कळत नाही. गुरुजी, उपाशी मेंदूला समजावून काही उतरत नाही. आईवडिलांनी जेवणाची सूत्रं हाती घेण्याची ही पद्धत लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात उभी राहिली. २०१० साली अमेरिकेत १२१ मुलामुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीतली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, एकट्याशी बोलून केलेल्या उपचारातली २३ टक्के.

परभणीचे गुरुजी: म्हणजे निम्मी पूर्ण बरी झाली नाहीतच.

अंबाजोगाईची सिस्टर: खरंय. म्हणून तर डॉक्टर सोडून घरच्या घरी हे करू नये. खूप दिवस उपाशी राहिलेल्या लेकराला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयावर येतं. आधी रक्त तपासा. जागेपणी नाडी पन्नासच्या खाली असेल तर भरती करा. आणि घास हातात घेणं कायमचं नसतं. वजन सावरलं की तो हळूहळू तिच्याकडेच परत द्यायचा असतो.

उदगीरची आई: गुरुजी, शाखेचं तुम्ही बोललात ते लागलं, कारण ते खरं आहे. जेवताना आता मार्कांचा, वजनाचा विषय कुणी काढत नाही. पण ताट मी उचलणार नाही. तुम्ही म्हणता तिच्या हातात एवढंच उरलंय. मला वाटतं, ते तिच्याही हातात नाही, आजाराच्या हातात आहे. परवा भाकरीचे तुकडे उशीच्या अभ्र्यात सापडले. तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, मला खायचंय गं, पण आतून कुणीतरी खाऊ देत नाही." आज अर्धी भाकरी आणि पिठलं संपायला सव्वा तास लागला. ती रडली, मीही रडले, पण जागची उठले नाही. साडेचारला दूध द्यायचंय.