हॅल्युसिनेशनला मराठीत काय म्हणावं? भास, भ्रम, थाप की वात?

तर्रीवाली:
आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं भित्तिपत्रक असतं. दर पंधरवड्याला विज्ञान-तंत्रज्ञानाच्या चार बातम्या आणि खाली एक विनोद. मी ज्येष्ठ नाही, पण अक्षर बरं आहे म्हणून पकडली गेले. या खेपेला न्यूयॉर्कच्या वकिलांची जुनी बातमी घेतली. २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यासाठी त्यांनी चॅटजीपीटी या एआय चॅटबॉटला जुन्या खटल्यांचे दाखले विचारले. त्याने खटल्यांची नावं, निकालातले उतारे, सगळं व्यवस्थित दिलं. फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला.

इंग्रजीत याला हॅल्युसिनेशन म्हणतात. मी लिहिलं, 'यंत्राला भ्रम झाला.' आमच्या अध्यक्षांनी (निवृत्त अभियंते, खिशात लाल पेन) त्याचं 'विभ्रम' केलं. आई कूलरसमोर चिंच फोडत बसली होती. चिंचोके परातीत टाकता टाकता म्हणाली, "वात झाला म्हण न त्याले. तापात माणूस बरळते तसं." परवा सकाळी कागद लावायचा आहे. काय ठेवू?

पेठकर:
'विभ्रम' योग्य. भारदस्त आहे, संस्कृत आहे, आणि समजायला कठीण नाही. आपण प्रयत्नच करत नाही, म्हणून इंग्रजी शब्द घरात शिरतात. 'दिनांक' आणि 'महापौर' हेही सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसले असतील. आज कोण हसतं?

काऊनबे:
विभ्रम? भाऊ, जुन्या काव्यात विभ्रम म्हणजे नायिकेचे नखरे. डोळे मोडणं, पदर सावरणं. चॅटबॉट काय वकिलाले पाहून लाजून राह्यला होता का?

अनुस्वार:
काऊनबे यांचा मुद्दा विनोदी असला तरी बरोबर आहे. मी मानसशास्त्र शिकवायचो. आमच्या पुस्तकांत इल्यूजनला 'भ्रम' आणि हॅल्युसिनेशनला 'निर्वस्तुभ्रम'. फरक मोलाचा आहे. अंधारात दोरी पडलेली असते आणि तुम्हाला साप दिसतो, तो भ्रम, कारण दोरी तरी होती. निर्वस्तुभ्रमात दोरीही नसते. वकिलांच्या प्रकरणात खटलेच नव्हते, तेव्हा शास्त्रशुद्ध शब्द हाच.

एकदा परीक्षेत एका मुलाने 'निर्वस्त्रभ्रम' लिहिलं होतं आणि उदाहरणही त्याला शोभेल असंच दिलं होतं. मी अर्धा गुण दिला.

तर्रीवाली:
सर, हा शब्द मंडळाच्या भिंतीवर लावला तर निम्मे काका त्या मुलासारखंच वाचतील.

काऊनबे:
अन् उरलेले निम्मे चष्मा घालून परत वाचतीन.

मिहानचा_पोट्टा:
मी याच कामात आहे म्हणून सांगतो. भास, भ्रम, निर्वस्तुभ्रम, सगळ्यांत एक गोष्ट गृहीत आहे: बघणारा कुणीतरी. इथे कुणी बघतच नाही. हे मॉडेल आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, ते काढत जातं. बरोबर उत्तर देतानाही तेच आणि चुकीचं देतानाही तेच. आत कुठे 'आता मी चुकलो' असा दिवा लागत नाही. खटल्याचं नाव कसं दिसतं हे त्याला माहीत आहे, म्हणून खटल्यासारखं दिसणारं नाव तयार झालं. काही अभ्यासक म्हणूनच 'कॉन्फॅब्युलेशन' म्हणा म्हणतात, म्हणजे आठवणीतली भोकं माणूस नकळत भरून काढतो ते.

आमच्या ऑफिसात रोजचा शब्द एकच: 'फेकून राह्यलं.'

इतवारीची_सून:
मग मराठीत तयार आहे की! पदरचं घालून सांगणं. माझ्या सासूबाई लग्नाला जाऊन आल्या की जेवणाच्या पंगतीचं वर्णन करतात, त्यात दोन पदार्थ नेहमी पदरचे असतात. खोटं बोलत नाहीत त्या, त्यांना खरंच वाटतं की जिलबी होती.

पेठकर:
वाक्प्रचार गोड आहे, पण पारिभाषिक शब्द कसा होणार? नाम लागतं, विशेषण लागतं. 'पदरचेपणा' म्हणणार आहात का?

काऊनबे:
'फेकाफेकी' नाम नाही तं काय हाये?

पेठकर:
भाषेची एक पातळी असते. नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे ती सैल झाली आहे, राग मानू नका.

तर्रीवाली:
राग नाही, पण हिशेब चुकता करते. पातळीदार शब्द पाडायची मोठी टाकसाळ एके काळी नागपुरातच होती. हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असताना भाषापंडित डॉ. रघुवीर इथे बसून संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावत हजारोंनी पारिभाषिक शब्द घडवत होते. टिंगल करणाऱ्यांनी 'कंठलंगोट' (म्हणजे टाय) यासारखे शब्द उगाच त्यांच्या खात्यावर मांडले. तेव्हा तर्री-पोहे खाणारा नागपूरकर शब्द घडवू शकत नाही असं समजू नका. माझा प्रश्न एवढाच आहे की भिंतीसमोर उभा राहून वाचणाऱ्याला कळेल का.

लोणीकाका:
उशिरा आलो. थाप, आणि तीही लोणकढी! हा शब्द मराठीत वाट बघत बसला होता. लोणकढं म्हणजे नुकतंच लोणी कढवून काढलेलं तूप. आमची आजी कढईत विड्याचं पान टाकायची. ते चरचरून कुरकुरीत झालं की तूप झालं. वरून स्वच्छ, सोनेरी, वास असा की कुणी शंका घेणार नाही. चॅटबॉटचं उत्तर अगदी तसं: ताजं, कोमट, घमघमणारं. आणि तळाशी बेरी. वकिलांना झालेला दंड ही बेरी.

'थाप' हीसुद्धा माझ्या मते गोवरी थापण्यावरूनच. शेण तेच, हात तोच, हवी तेवढी भिंत भरते.

अनुस्वार:
लोणीकाका, बेरी आमच्याकडे साखर घालून आवडीने खातात, तेव्हा उपमेत तेवढी दुरुस्ती करा. दुसरं, थापेला हेतू लागतो. थापाड्याला खरं माहीत असतं. या यंत्राला खरंच माहीत नाही, मग थाप कशी?

लोणीकाका:
आमच्या एका नातेवाइकालाही आयुष्यभर खरं माहीत नव्हतं. लोक त्याला थापाड्याच म्हणत.

मिहानचा_पोट्टा:
मग आईंचा 'वात' सगळ्यात जवळ जातो. तापात बरळणाऱ्याचा हेतू नसतो, शब्द मात्र ओळखीचे असतात. वाक्यही पुरं करतो. फक्त बोलतो ते या जगातलं नसतं.

काऊनबे:
अन् नागपुरात वात व्हायले चॅटबॉटच कायले पाह्यजे? २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी आपल्या इथल्या एका स्वयंचलित हवामान यंत्रानं ५६ अंश दाखवले, आठवते का? देशभर बातमी. मग हवामानवाल्यांनी सांगितलं का सेन्सर बिघडला. त्या उन्हात त्याले बिचाऱ्याले वात नाही होईन तं काय होईन. आमचा कूलरही त्याच दुपारी समजून राह्यला होता का तो थंडी हवा देते.

इतवारीची_सून:
सेन्सरचं ते बिघडणं, चॅटबॉटचं ते बरळणं. दोन्हींना एक शब्द नको. पिझ्झ्यावर गोंद लावा म्हणणाऱ्याला काय म्हणाल?

पेठकर:
गोंद?

इतवारीची_सून:
२०२४ मधलंच. चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये थोडा गोंद मिसळा, असा सल्ला गूगलच्या एआयने दिला होता. कुणीतरी जुन्या चर्चेत गंमत म्हणून लिहिलेलं उचललं त्याने.

पेठकर:
ते कळलं. मराठीत 'डिंक' म्हणतात.

काऊनबे:
आमच्या इकडे कागदाले लावते तो गोंद, लाडवात टाकते तो डिंक. आता तुमच्या शुद्ध मराठीत वाचलं, 'पिझ्झ्यावर डिंक घाला', तं आमची आजी म्हणन, 'बरोबर सांगते पोट्टा, थंडीत चांगला असते, कंबर दुखत नाही.' तुमच्या भाषेत तं त्याची चूकच राह्यत नाही!

लोणीकाका:
हे मात्र मार्मिक आहे. आणि पिठाची खळ? पतंगाला आम्ही खळ लावायचो.

मिहानचा_पोट्टा:
खळ नाही, लेई. आमच्या गल्लीत मैद्याची लेई शिजवायचे, वर चिमूटभर मोरचूद. उंदीर खात नाहीत म्हणून.

अनुस्वार:
मोरचूद हा शब्द किती वर्षांनी वाचला! मोराच्या मानेचा तो निळा रंग...

पेठकर:
मोरचूद फारसीतून आला असावा.

लोणीकाका:
असावा म्हणजे? मोर फारसी कधीपासून?

तर्रीवाली:
मंडळी, भित्तिपत्रक लागलं. मी 'वात' लिहिलं होतं. अध्यक्षांनी लाल पेनाने ते खोडून 'हॅल्युसिनेशन' केलं, म्हणाले, वादच नको. संध्याकाळी पाहिलं तर खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'म्हणजे काय?' आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'म्हणजे सून सांगते ते.' अक्षर मी ओळखलं, पण सांगणार नाही.

इतवारीची_सून:
अक्षर माझ्या सासऱ्यांचं असेल तर मलाच सांग.

काऊनबे:
ते जाऊ द्या. पावभर डिंकाले गूळ किती लागते? आजी विचारून राह्यली. चॅटबॉटले नाही विचारत म्हणते.